फाटक्या पत्र्याला ठिगळ

मोखाडा तालुक्यात पहिला मोठा पाऊस पडला की आठ दिवसांत सगळे हिरवे होते. डोंगर हिरवे, शेतांचे बांध हिरवे, रस्त्याच्या कडा हिरव्या. शाळेचे मैदानही हिरवे होते. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे फार आवडते. आम्हा शिक्षकांना मात्र या हिरवळीची काळजी वाटते. श्रावण येईपर्यंत मैदानातले गवत गुडघ्याच्या वर जाते आणि गुडघाभर गवतात पायाखाली काय आहे ते दिसत नाही. फुरसे आणि घोणस हे विषारी साप आमच्या भागात आढळतात. त्यामुळे शाळेचे गवत कापणे ही आमच्याकडे शोभेची गोष्ट नाही.

पूर्वी हे काम विळ्याने होत असे. पण पावसाळ्यात माणसे कुठून मिळणार? त्याच दिवसांत भाताची आवणी असते, नागलीची आणि वरईची लावणी असते. ज्याच्या हातात विळा आहे तो शेतात असतो. म्हणून एके वर्षी आम्ही गवत कापण्याचे एक जुने यंत्र घेतले. नाशिककडच्या एका जुन्या बंगल्यातून ते भंगारात निघाले होते आणि आम्हाला ते भंगाराच्याच भावाने मिळाले. चार लहान चाके, मागे ढकलायला दांडा, वर पेट्रोलचे छोटे इंजिन आणि खाली लोखंडी पत्र्याचे उपडे घमेले ठेवावे तसे कवच. या कवचाला इंग्रजीत डेक म्हणतात. आपणही या पाठात डेक हाच शब्द वापरू. दुकानात गेलात तर कारागीर त्याला ‘बॉडी’ म्हणतील किंवा नुसते ‘खालचा पत्रा’ म्हणतील.

यंत्र जुने असले तरी इंजिन चांगले होते. दोरी ओढली की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू होई. डेक मात्र एका बाजूला गंजून फाटला होता. तळहाताएवढे भोक पडले होते. मी तेव्हा नवा होतो, उत्साही होतो आणि मला सगळे येते असा माझा समज होता. मी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, भोकावर ठेवला, कडेने इपॉक्सीची लांबी थापली आणि वरून चंदेरी रंग मारला. यंत्र नव्यासारखे दिसू लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी शिपाईमामा मैदानात यंत्र चालवत होते. पात्याखाली एक खडा आला. तो माझे ठिगळ फोडून बाहेर पडला आणि आठवीच्या वर्गाच्या खिडकीची काच फोडून आत गेला. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी मुलगी त्या दिवशी गैरहजर होती. बाकावर काचांचे तुकडे पडले होते आणि त्यांच्यामध्ये लिंबाएवढा खडा होता. तो खडा मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी एक साधे गणित मांडले. ते आधी मांडायला हवे होते. आमच्या यंत्राचे पाते ४६ सेंटिमीटर लांबीचे आहे. ते मधल्या खिळीवर पंख्यासारखे फिरते. म्हणजे पात्याचे टोक एका फेरीत सुमारे १४४ सेंटिमीटर अंतर कापते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या करते, म्हणजे सेकंदाला ५०. आता गुणाकार करा. पात्याचे टोक एका सेकंदात ७२ मीटर जाते. ताशी हा वेग २५० किलोमीटरपेक्षा जास्त होतो. अशा पात्याचा फटका बसलेला खडा म्हणजे गोफणीतून सुटलेला दगडच. त्याच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये फक्त डेकचा पत्रा असतो.

डेकची आणखी दोन कामे आहेत. इंजिन त्याच्यावर बोल्टने बसवलेले असते आणि चाकेही त्यालाच जोडलेली असतात. म्हणजे तो यंत्राचा सांगाडा आहे. शिवाय पाते फिरले की डेकच्या आत वारा तयार होतो. हा वारा आडवे पडलेले गवत उभे करतो, मग पाते ते कापते आणि तोच वारा कापलेले गवत बाजूच्या तोंडातून बाहेर फेकतो. डेकला भोक असेल तर वारा तिथून निसटतो आणि गवत अर्धवट कापले जाते. आमच्या मैदानात मधूनमधून दाढीचे खुंट राहावेत तसे पट्टे का राहत होते, ते मला फार उशिरा कळले.

गवत कापणारी सगळीच यंत्रे अशी नसतात. पहिले यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग या माणसाने तयार केले. तो ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाजवळ राहत होता. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर लोकरीचे बारीक तंतू उभे राहतात. ते छाटून कापड गुळगुळीत करण्यासाठी गिरणीत फिरत्या पात्यांचे यंत्र असे. कापडावरचे तंतू छाटता येतात, तर जमिनीवरचे गवत का छाटता येणार नाही, असा विचार बडिंगने केला. १८३० मध्ये त्याला आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि १८३२ पासून इप्सविच येथील रॅन्सम्स कंपनी ही यंत्रे बनवू लागली. स्क्रू फिरवून लहान-मोठा करता येणारा पाना बनवणाऱ्यांतही याच बडिंगचे नाव घेतले जाते. दुरुस्तीच्या दुकानात त्याची आठवण काढायला तेवढे कारण पुरे आहे.

बडिंगच्या यंत्रात वळणदार पाती एका रुळावर बसवलेली होती. रूळ फिरला की पाती खालच्या स्थिर पट्टीला घासून जात आणि कात्रीसारखे गवत कापत. पुढे अशी मोठी यंत्रे घोड्यांकडून ओढून घेत. घोड्यांच्या टापांनी हिरवळ खराब होऊ नये म्हणून त्यांच्या पायांत कातडी बूट घालत. आपल्या देशात हेच काम बैलांनी केले. आग्र्याच्या ताजमहालासमोरची हिरवळ कापणाऱ्या बैलजोडीची छायाचित्रे अनेक प्रवाशांनी काढलेली आहेत. महाराष्ट्रात मात्र कापायचे यंत्र बागेपेक्षा गोठ्यासाठी अधिक उपयोगाचे ठरले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराच्याही आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले होते.

आडवे फिरणारे पाते आणि त्यावर पत्र्याचे कवच ही रचना विसाव्या शतकातली. ती घरोघर पोहोचवण्यात ऑस्ट्रेलियाच्या मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांचा मोठा वाटा आहे. सिडनी शहराच्या कॉन्कॉर्ड भागात घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी १९५२ साली हलके यंत्र तयार केले. पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी पीच या फळाचा रिकामा डबा वापरला होता! आपल्या मधल्या नावावरून त्यांनी यंत्राला ‘व्हिक्टा’ हे नाव दिले. अशी जुनी यंत्रे आज हौसेने जपणारे लोक आहेत. इंग्लंडमध्ये साउथपोर्ट येथे तर फक्त गवत कापण्याच्या यंत्रांचे संग्रहालय आहे. आमचे यंत्र संग्रहालयात जाण्याजोगे नव्हते. पण त्याच्या डेकला जो आजार झाला होता तोच जगभरच्या जुन्या यंत्रांना होतो.

तो आजार म्हणजे गंज. उर्दूत तुम्ही ज़ंग म्हणता, मराठीत गंज म्हणतात. गंमत पाहा, तीच दोन अक्षरे उलटी ठेवली आहेत. लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळाले की लोखंडाचे ऑक्साइड तयार होते, तोच गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. ते पुन्हा गंजते. अॅल्युमिनियमचे तसे नाही. त्याच्यावरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो पातळ आणि घट्ट असतो. तो खालच्या धातूचे रक्षण करतो.

डेक वरून भिजला म्हणून सहसा फाटत नाही. तो आतून फाटतो. कापलेले ओले गवत आतल्या बाजूला चिकटते. रोज नवा थर बसतो आणि शेणाने सारवल्यासारखी जाड पोळी तयार होते. ही पोळी दिवसच्या दिवस ओली राहते. गवताचा रस थोडा आंबट असतो. खत टाकलेल्या हिरवळीवर यंत्र चालले असेल तर खताचे क्षारही त्यात असतात. खडे लागून आतला रंग आधीच उडालेला असतो. मग काय, दुष्काळात तेरावा महिना. वरून डेक लालभडक चमकत असतो आणि आत पत्रा कागदासारखा होत जातो.

दुसरे दुखणे भेगांचे. इंजिन सतत थरथरते. बोल्ट सैल असेल तर ती थरथर बोल्टच्या भोकाभोवती पत्र्याला वाकवत राहते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्ही करून पाहिले असेल. पत्र्याचेही तसेच होते. भोकापासून केसाएवढी भेग निघते आणि हळूहळू लांबत जाते.

खड्याचा प्रसंग घडल्यावर यंत्र बंद करून ठेवले. पुढच्या मे महिन्यात मी ते टेम्पोत घालून वेल्डिंगच्या दुकानात नेले. दुकान रस्त्याच्या कडेला आहे. मालकांना सारा गाव चाचा म्हणतो, म्हणून मीही चाचा म्हणतो. त्यांच्याकडे नांगराचे फाळ येतात, बैलगाडीचे आख येतात, शाळांचे लोखंडी बाक येतात, पाण्याच्या टाक्या येतात. जूनच्या आधी तर गळक्या टाक्यांची रांग लागते, कारण आमच्याकडे पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जाते आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी वणवण होते. चाचांनी यंत्र उलटेपालटे पाहिले, माझ्या लांबीच्या थरावर नखाने टकटक केले आणि विचारले, “हे कोणी केलं, सर?”

मी म्हणालो, “मीच.”

“रंग छान मारलाय,” ते म्हणाले. एवढेच.

काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्पार्क प्लगची वायर काढली. पाते हाताने फिरवले तरी इंजिन कधी कधी सुरू होते आणि मग बोटे जातात. त्यानंतर पेट्रोलची टाकी रिकामी करून ती दुकानाबाहेर लांब नेऊन ठेवली. पेट्रोल ओतून टाकले तरी टाकीत वाफ राहते आणि वेल्डिंगच्या ठिणगीला वाफच पुरते. मग तेल काढले, पात्याखाली लाकडाचा ठोकळा अडकवून मधला बोल्ट सोडवला आणि पात्याची कोणती बाजू खाली होती तिथे खडूने खूण केली. पाते उलटे बसले तर गवत कापत नाही. शेवटी इंजिन आणि चाके काढली. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट त्यांनी वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. मी हे लिहून घेत होतो, तेव्हा ते म्हणाले, “लिहू नका, फोटो काढा. जोडताना बघायला बरं पडतं.”

उघडा डेक उलटा ठेवला तेव्हा त्यात बोटभर जाडीचा वाळलेल्या गवताचा थर होता. तो खरवडून काढला. मग वायर ब्रशने घासले. नंतर जे झाले ते मला फार आवडले. चाचांनी लहान हातोडी घेतली आणि सगळ्या डेकवर हळूहळू ठोकत गेले. पत्रा चांगला आहे तिथे टणटण वाजत होते. पातळ झाला आहे तिथे आवाज बसका येत होता, भद्द असा. बसका आवाज आला की तिथे खडूची खूण. दोन ठिकाणी हातोडी सरळ आरपार गेली. माझे भोक तळहाताएवढे होते, पण खडूची रेघ पुरी झाली तेव्हा ती जवळजवळ वहीच्या पानाएवढी निघाली. भोक दिसते त्यापेक्षा दुखणे मोठे असते. माझे ठिगळ टिकले नाही त्याचे खरे कारण हेच होते. मी सडलेल्या पत्र्याला चिकटवले होते. धड असलेला पत्रा त्याच्याही पलीकडे होता.

खडूच्या रेघेवर ग्राइंडरने पत्रा कापला. कापताना चौकोनाचे कोपरे टोकदार ठेवले नाहीत, गोल केले. टोकदार कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो आणि तिथूनच नवी भेग निघते. मग नवे ठिगळ. यासाठी जाडी जुळावी लागते. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा. १४ गेजचा पत्रा सुमारे २ मिलिमीटर जाड असतो, १८ गेजचा सुमारे सव्वा मिलिमीटर. आमचा डेक १४ गेजचा होता. तेलाच्या डब्याचा पत्रा यापुढे कागदच म्हणायचा.

चाचांनी आधी जुन्या पुठ्ठ्याचा नमुना कापला. तो भोकावर ठेवून, वाकवून, कातरून नीट बसवला आणि मग त्यावरून पत्रा कापला. शिंपी महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी कागद कापतो, तसेच. डेकला गोलाई होती. ती आणण्यासाठी पत्रा जाड पाइपावर ठेवून हातोडीने थोडा थोडा वाकवला. या कामाला अर्धा दिवस गेला. वेल्डिंगला पाऊण तास लागला.

पातळ पत्रा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड केला तर काय होते? उष्णतेने धातू पसरतो, थंड होताना आखडतो. पत्रा पापडासारखा वाकडा होतो. म्हणून आधी कच्ची शिलाई करतात. ठिगळाच्या एका कोपऱ्यात एक टाका, मग समोरच्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. त्यानंतर बाजूंच्या मध्यावर. टाके सगळीकडे बसले की मधल्या जागा थोड्या थोड्या भरायच्या, कधी इकडे, कधी तिकडे, आणि मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा. चाचा दर दोन टाक्यांनी थांबून चहाचा एक घोट घेत. मला आधी वाटले, चहाची आवड आहे. नंतर कळले की ते पत्रा थंड होण्याची वाट पाहत होते. (चहाची आवडही होतीच.)

डेकच्या एका कडेला पत्रा पातळ झाला होता, पण फाटला नव्हता. तिथे विजेचे वेल्डिंग केले तर भोक पडेल असे ते म्हणाले. म्हणून त्यांनी आतून पट्टी लावली आणि गॅसच्या ज्योतीने पितळेचा जोड दिला. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. जोडाचे पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे पत्रा वितळतच नाही, फक्त लालसर होतो आणि पितळ वितळून दोन पत्र्यांच्या फटीत शिरते. पत्रा स्वच्छ राहावा म्हणून पितळेच्या कांडीला टाकणखार लावतात. टाकणखार म्हणजे तुमच्या घरी ज्याला सुहागा म्हणतात तोच. सोनारही तोच वापरतो.

राहिली इंजिनाच्या बोल्टजवळची भेग. ती चार बोटे लांब होती. मला वाटले, आता तिच्यावर वेल्डिंगची रेघ ओढली की झाले. चाचांनी आधी भेगेच्या टोकाला ३ मिलिमीटरचे छिद्र पाडले. फाटलेली वस्तू जोडायची आणि तिला आणखी एक भोक पाडायचे, हे काय? कुर्त्याच्या बाजूला जो चाक असतो त्याच्या वरच्या टोकाला शिंपी एक लहान आडवा टाका किंवा कापडाचा तुकडा लावतो. तो नसेल तर चाक फाटत वर जातो. भेगेचे टोकही तसेच सुईसारखे टोकदार असते आणि सगळा ताण त्या टोकावर येतो. गोल छिद्र पाडले की टोकच उरत नाही. ताण छिद्राच्या कडेवर पसरतो. त्यानंतर भेग थोडी रुंद कोरून वेल्डिंगने भरली आणि आतल्या बाजूने जाड पट्टी लावून इंजिनाखालची जागा मजबूत केली. बोल्टची भोके झिजून लांबट झाली होती. तीही भरून नव्याने पाडली.

वेल्डिंग पाहताना मी एकदा चेहऱ्यावरची काळी काच खाली केली. चाचांनी काम थांबवले आणि मी काच पुन्हा लावेपर्यंत काही न बोलता थांबून राहिले. त्या उजेडाकडे क्षणभर पाहिले तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, आणि सवयीने पाहिले तर डोळे बिघडतात. म्हणून मुलांनो, रस्त्यावर कोठे वेल्डिंग चाललेले दिसले तर मान वळवून पुढे जा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ठिगळासाठी वापरायचा असेल तर आधी मुलामा घासून काढावा लागतो. तो तसाच तापवला तर पांढरा धूर निघतो आणि त्या धुराने ताप येतो. हे मला एका दुसऱ्या कारागिराने सांगितले. त्याने ते अनुभवाने शिकले होते.

सगळ्या डेकना ही रीत चालत नाही. काही जुन्या यंत्रांचे डेक ओतीव अॅल्युमिनियमचे असतात. ते गंजत नाहीत, पण दगडावर आपटले तर तडकतात. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि वितळण्यापूर्वी लोखंडासारखे लाल होत नाही. आत्ता घट्ट दिसणारा तुकडा पुढच्या क्षणी खाली गळून पडतो. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र २००० अंशांनाही वितळत नाही. त्यासाठी वेगळे वेल्डिंग आणि वेगळा हात लागतो. चाचांना एकदा कोणी असा डेक आणून दिला होता. त्यांनी तो परत केला आणि नाशिकचा रस्ता दाखवला. काम येत नसेल तर नाही म्हणणारे कारागीर कमी असतात.

संग्रह करणारे लोक आणखी एक पथ्य पाळतात. ठिगळ शक्यतो आतून लावतात. म्हणजे वरून यंत्राचे मूळ रूप बदलत नाही. कंपनीचे नाव उठवलेली जागा ग्राइंडरने घासत नाहीत. काढलेला जुना तुकडाही जपून ठेवतात. यंत्र वापरायचे की जपायचे, हे आधी ठरवावे लागते. आम्हाला वापरायचे होते. तरी चाचांनी नावाची पट्टी काढून, घासून, परत जागेवर लावली. सांगितले नव्हते तरीही.

वेल्डिंगचे उंचवटे ग्राइंडरने सपाट केले. पोचे आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने काढले, तेही कडेकडून मध्याकडे. मग केरोसीनच्या बोळ्याने पुसून, कोरडा करून रेड ऑक्साइडचा हात दिला. या तांबड्या रंगातला मुख्य पदार्थ कोणता असेल? लोखंडाचे ऑक्साइड. म्हणजे गंजाचाच भाऊ. पण तेलात नीट बसवलेला हा भाऊ पाणी आणि हवा बाहेर ठेवायला मदत करतो. तो वाळल्यावर हिरव्या रंगाचे दोन पातळ हात. जाड एकच हात दिला तर वरचा थर वाळतो आणि आतला ओला राहतो. मे महिन्याचे ऊन होते म्हणून तीन दिवसांत काम झाले. हेच जुलैत केले असते तर मोखाड्याच्या हवेत रंग वाळला नसता आणि रंगाखाली ओल अडकली असती.

जोडताना डेक सपाट फरशीवर ठेवला. चारही चाके टेकतात का ते पाहिले. पाते बसवून हाताने सावकाश फिरवले आणि पट्टीने चार ठिकाणी जमिनीपासून त्याची उंची मोजली. मागच्या बाजूला दोन मिलिमीटरचा फरक आला. चाचांनी एका बोल्टखाली वॉशर घातला. फरक गेला. मग पाते एका खिळ्यावर मध्यात टांगून दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या आहेत का ते पाहिले. एक बाजू जड असेल तर इंजिन थरथरते आणि भेग पुन्हा येते. जड बाजू कानशीने थोडी घासली. इतके झाल्यावरच टाकी बसवली.

पहिली चाचणी आम्ही शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत घेतली. मुलांना गच्चीवर पाठवले. शिपाईमामांनी पायांत जाड बूट घातले आणि मैदान फिरून खडे वेचले. हे पूर्वी आम्ही करत नसू. दोरी ओढली. आवाज बदललेला होता, आधीपेक्षा भरीव. कापलेले गवत बाजूच्या तोंडातून एकसारखे उडत होते आणि मागे खुंटांचे पट्टे राहत नव्हते. मामा म्हणाले, “सर, आता हे ढकलावं लागत नाही, आपणच चालतंय.” तसे ते चालत नव्हते, पण मला त्यांचे म्हणणे समजले.

आता दर वेळी काम संपले की मामा प्लगची वायर काढतात आणि यंत्र तिरके करतात. हवेची जाळी वरच्या बाजूला येईल असेच ते तिरके करायचे, नाहीतर तेल तिच्यात उतरते. मग बांबूच्या पट्टीने आतले गवत खरवडतात. पट्टी यंत्राच्या दांड्यालाच दोरीने बांधून ठेवली आहे. पाण्याचा पाइप लावून धुवायचे नाही असे चाचांनी बजावले आहे. पावसाळा संपला की आत जुन्या तेलाचा बोळा फिरवून यंत्र फळीवर ठेवतो, जमिनीवर ठेवत नाही.

यंदा दसऱ्याच्या सुट्टीत मी डेक उलटा करून हातोडीने सगळीकडे ठोकून पाहिला. मलाही आता आवाज थोडाफार कळतो. ठिगळ टणटणीत आहे. पण इंजिनाच्या पुढच्या बोल्टजवळ एक तांबूस ठिपका आला आहे, भाताच्या दाण्याएवढा. चाचांना फोन करून सांगितले. त्यांनी विचारले, “आवाज कसा येतो?” मी फोन डेकजवळ धरला आणि हातोडी मारली. पलीकडून ते म्हणाले, “अजून वरवरचा आहे. घासून रेड ऑक्साइड लावा. आणि सर, लांबी लावू नका.”